कळीवरचे साल

ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या पिस्तुलाच्या कळीवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या पट्टीवर, हृदयाच्या आकाराची खूण असते. तिचे चार खण, त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरे आणि डोक्यावर इंग्रजी चारसारखी आकृती. यातला व्ही म्हणजे लॅटिन वळणाचा यू, 'युनायटेड'मधला. नाणी जमवणाऱ्यांना ही खूण ठाऊक आहे. मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली विलायतेत पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवरही ती आहे. १८०८च्या सुमारास शस्त्रांवरून हृदय गेले आणि मागच्या पायांवर उभा सिंह आला. हृदयाच्या काळातल्या कळीवर बहुधा कारागिराचे नाव आणि सालही असे. इंग्लंडच्या सरकारी शस्त्रांवर साल घालणे १७६४ मध्ये थांबले, कंपनीने चालू ठेवले. व्यापारीच ते, माल कधीचा हे त्यांना कळायला हवे होते.

हे साल ठसठशीत असते आणि तेच पाहणाऱ्याला चकवते. ते फक्त कळीचे साल असते. नळी, दस्ता, घोडा यांची जन्मसाले निराळी असू शकतात.

पुणे जिल्ह्यातल्या एका घरी असे पिस्तूल मी तपासले. कळीवर हृदय आणि १७९६. घरातली आठवण अशी, की ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पूर्वजाने ते कंपनीच्या स्वाराकडून हिसकावून घेतले. साल पाहता गोष्ट जुळते.

नळी दस्त्यातून सोडवली तेव्हा तिच्यावर मुकुट, त्याखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि बी, पी, सी ही अक्षरे दिसली. हा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचा ठसा. तिथे नळीत जादा दारू ठासून बार काढत आणि नळी टिकली तर ठसा मारत. ते चाचणीघर १८१३ साली स्थापन झाले. म्हणजे नळी कळीहून किमान सतरा वर्षांनी धाकटी! एवढ्याने खडकी खोटी पडत नाही. १८१३ ते १८१७ ही चार वर्षे उरतातच.

पण हे पिस्तूल आता चकमकीचे नाही, टोपीचे आहे. चकमकीच्या कळीवर रंजकाची वाटी असते आणि ठिणगी पाडणारी पोलादी झडप असते. इथे ती दोन्ही काढलेली आहेत आणि त्यांच्या स्क्रूंची भोके लोखंडाने बुजवली आहेत. तिरप्या उजेडात त्यांची वर्तुळे दिसतात. नळीच्या कानात आटे पाडून टोपीची घुंडी बसवली आहे. टोपीची शस्त्रे फौजांत रुळली ती १८४०च्या आसपास. हा बदल घरच्यांनी गावच्या लोहाराकडून करून घेतला असेल का? मी बराच वेळ याच प्रश्नापाशी थांबलो. उत्तर कानशीने पाडलेल्या तीन खाचांत होते. नव्या घोड्याच्या आतल्या अंगाला त्या आहेत, घुंडीवर आहेत, दस्त्याच्या खोबणीच्या कडेला आहेत. त्या काळी भाग अदलाबदल करण्याजोगे नसत. प्रत्येक भाग त्या त्या पिस्तुलापुरता घासून बसवलेला. पुष्कळ पिस्तुले एकदम सुटी केली की कोणाचे काय हे कळावे म्हणून खाचा पाडत. एकच पिस्तूल समोर असलेल्या लोहाराला खाचांचे काम नाही. कळीच्या जुन्या भागांवर मात्र रोमन सात आहे. तो पहिल्या जोडणीचा.

चापाभोवतीच्या पितळी कड्यावर टिंबाटिंबांनी '२१' काढला आहे, देवनागरीत. घरच्यांना तो कोणा पोराने केलेला चाळा वाटत होता. त्या दोनाचे एक टिंब स्क्रूच्या डोक्यावर पडले आहे आणि त्याच स्क्रूच्या दांड्यावर तीन खाचा आहेत. म्हणजे आकडा टोपी बसवल्यानंतरचा, आणि मोजणारा कारकून देवनागरी लिहिणारा. कंपनीच्या किंवा इंग्रज सरकारच्या शस्त्रागारात ही मोजदाद इंग्रजी आकड्यांत होते. हे पिस्तूल एखाद्या संस्थानच्या शिलेखान्यात किमान आणखी वीस शस्त्रांबरोबर ठेवलेले असणार, तेही खडकीनंतर निदान दोन तपांनी. घरात आले ते तिथून. माझ्या मते ही हकीकत लुटीच्या गोष्टीपेक्षा दुर्मीळ आहे. घरातला कोणी त्या संस्थानच्या चाकरीत होता का, हे शोधायला तिने वाट मिळते.

घरच्यांना हे रुचले नाही, आणि ते स्वाभाविक आहे. शहरातल्या एका व्यापाऱ्याने त्यांना चकमकीचा घोडा बसवून 'मूळ रूप' देतो, पितळही घासून लख्ख करतो, असे सांगितले होते. चकमकीच्या पिस्तुलाला भाव जास्त, म्हणून हा उद्योग सर्रास चालतो. तो ओळखता येतो: घुंडीचे भोक बुजवून पाडलेला नवा कान फार स्वच्छ असतो आणि त्याच्याभोवतीचे लोखंड मात्र टोपीच्या मसाल्याने खाल्लेले असते. पण घासून गेलेली टिंबे पुन्हा येत नाहीत.

त्यांनी प्रदर्शनातल्या चिठ्ठीसाठी मजकूर मागितला होता. मी लिहून दिला: 'कळ १७९६, नळी १८१३ नंतरची, टोपीची जोडणी सुमारे १८४० किंवा नंतर, शिलेखान्यातला क्रमांक २१.' खडकीची आठवण खाली वेगळ्या ओळीत, घरातली आठवण म्हणून. व्यापाऱ्याला काय कळवायचे, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.