तारण

कर्जत-खोपोलीच्या बाजारांत ‘सोनेतारण कर्ज’ अशी पाटी दिसते. मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थना करतो तीही ‘तारणा’साठी. मूळ संस्कृत ‘तॄ’, म्हणजे पार जाणे. तरणे, तारक, नोहाचे तारू याच कुळातले. पतसंस्थेतले तारण धनकोला बुडू देत नाही, ख्रिस्ती तारण ऋणकोला. १०९८च्या सुमारास अॅन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताने पापाला देवाचे थकलेले ऋण मानले: न्यायी देवाने ते नुसते पुसून टाकणे योग्य नव्हे आणि माणसाला ते फेडवत नाही, म्हणून देवच माणूस होऊन फेडतो. ज्याचे येणे, त्यानेच जीव गहाण टाकला! न्याय आणि प्रेम मला इथे भांडताना दिसत नाहीत. मराठी शुभवर्तमानात या प्राणार्पणाला ‘खंडणी’ म्हटले आहे; तो शब्द आता गुन्ह्यांच्या बातम्यांपुरता उरला, याची हळहळ वाटते.