आठवड्याला एक पेनी

* ‘आठवड्याला एक पेनी’ : जोडे शिवून पोट भरलेला बाप्टिस्ट पाळक विल्यम केरी याने १७९२च्या पुस्तिकेत मिशनसाठी सुचवलेली वर्गणी. गुलामांच्या कष्टांवर निघणारी वेस्ट इंडीजची साखर ज्यांनी सोडली होती, त्यांनी वाचलेला पैसाही द्यावा, असे त्याने लिहिले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला इंग्लंडमधल्या केटरिंग गावी एका घरी मिशनसाठी मूठभर माणसे जमली. कबूल केलेल्या रकमांच्या चिठ्ठ्या तपकिरीच्या डबीत पडल्या; बेरीज १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स.



दर आठवड्याच्या या नियमितपणाचा आधार प्रेषित पौलाचा : आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढावे (१ करिंथ १६:२). ती वर्गणी मात्र यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी होती, हे विसरू नये. प्रचारकाला पोसण्याचा खरा दाखला फिलिप्पैच्या मंडळीचा. थेस्सलनीकेतही तिने पौलाला पुन्हा पुन्हा मदत धाडली.

मिझोराममध्ये ही शिस्त चुलीपाशी पोचली. तांदूळ शिजत टाकण्याआधी घरची बाई त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात ठेवते. मंडळी ते गोळा करून विकते आणि पैसा मिशनकार्याला जातो.