वर्गातला हशा आणि १९३४ चा एक खटला

जव्हार-मोखाड्याच्या भागात महाविद्यालयात शिकवणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. मूलभूत हक्क शिकवताना समलिंगी माणसांचा उल्लेख आला की मागच्या बाकांवरून हशा उठतो. 'बायल्या', 'छक्का' हे शब्द दबक्या आवाजात फिरतात. हसणारी मुले कोण असतात? वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी. काही थोडी बौद्ध घरांतली. बहुतेक आश्रमशाळांतून आलेली, घरात पहिल्यांदाच शिकणारी. ज्यांना स्वतःला 'जंगली' म्हणून हिणवले गेले, ती मुले दुसऱ्याला हिणवायला इतक्या सहज कशी शिकतात, हा खरा प्रश्न आहे.

त्यांच्या समजुती ठराविक आहेत. समलिंगी पुरुष म्हणजे बायकी चालीचा, हिजडाच. समलिंगी स्त्री म्हणजे पुरुष न मिळालेली. लग्न लावून दिले की ठिकाणावर येईल. हा रोग आहे. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, हे शहरातल्या श्रीमंतांचे परदेशी खूळ आहे, आपल्या पाड्यावर असले काही नसते. पैकी रोगाची समजूत जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच रद्द केली. बाकीच्यांसाठी इतिहास पाहावा लागतो.

परदेशातून आला तो कायदा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ३७७ इंग्रजांचे. ते १८६२ पासून अमलात आले आणि जन्मठेपेपर्यंतची शिक्षा घेऊन आले. त्याच राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला व तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू केला. त्याच्या एका भागात जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. हा भाग आपल्याला पाठ आहे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदणी होती. मुले पळवणे किंवा कलम ३७७ चा गुन्हा ह्यांचा नुसता संशयही नोंदीला पुरेसा होता. म्हणजे माणूस काय करतो हे न पाहता तो कोण आहे ह्यावरून त्याला गुन्हेगार ठरवायचे, ही एकच रीत दोघांना लावली गेली. आपल्या वर्गातला हशा ह्याच रीतीची शेपटी आहे.

बाबासाहेबांचा फोटो प्रत्येक कार्यक्रमात असतो. पण १९३४ चा खटला किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत. वाचकांनी हस्तमैथुन व समलिंगी संबंध ह्यांविषयी प्रश्न विचारले, कर्व्यांनी उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. पुणे करार होऊन दोन वर्षे झाली होती, येवल्याची घोषणा एका वर्षावर होती. अशा धामधुमीत, जिथे लोकप्रियता मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती अशा कामाला ते उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, अज्ञानावर उपाय ज्ञानाचाच, ही त्यांच्या बचावाची दिशा होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. ह्यावरून बाबासाहेबांना आजच्या चळवळीचे पुढारी ठरवणे बरोबर नाही. पण लोक ज्याला हसतात त्याचाही प्रश्न विचारण्याचा हक्क राखला पाहिजे, एवढे त्यांनी कृतीने सांगितले.

आपली चळवळही तपासली पाहिजे. प्रस्थापितांवर तुटून पडताना आपणही 'षंढ' म्हणालो, 'बांगड्या भरा' म्हणालो. मनूचे माप फेकले आणि मर्दानगीचे माप हातात ठेवले. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' ह्या १९८१ च्या नाटकात स्त्रीवर प्रेम करणारी महाविद्यालयीन मुलगी मराठी रंगमंचावर आली, तीही पांढरपेशा जगातली, आणि शेवटी मरणारी. आपल्या वस्तीतली, पाड्यावरची अशी मुलगी कोणी लिहायची?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून मुक्त केले. आधार घेतला संविधानिक नैतिकतेचा, म्हणजे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत मांडलेल्या विचाराचा. त्याआधी २०१६ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत जात आणि लैंगिक कल ही दोन्ही कारणे एकाच वाक्यात घातली. 'ए आदिवाशी' म्हणून छळणे आणि 'ए बायल्या' म्हणून छळणे नियमाने एकच झाले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालाने नाकारला. लढाई संपलेली नाही.

प्रस्तुत लेखकानेही एकदा तो हशा थांबवला नव्हता. किंचित हसलोही होतो. तास संपायच्या आत एक मुलगा उठून गेला आणि पुढे वर्गात दिसला नाही. कारण हेच होते असे म्हणता येणार नाही. पण मी विचारायला गेलो नाही, हे खरे. शिक्षकाने व कार्यकर्त्याने निदान तेवढे तरी करावे. हशा थांबवावा, आणि उठून गेलेल्याच्या मागे जावे.