ग्लायडर : उड्डाणावेळी ओढ तुटणे

ग्लायडरला इंजिन नसल्याने हवेत चढवण्यासाठी त्याला बाहेरून ओढ द्यावी लागते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेली विंच दोर वेगाने गुंडाळून घेते, किंवा पुढे उडणारे विमान दोराने ग्लायडर ओढून नेते. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचची पद्धत आहे. दोर तुटला, ताण वाढल्यावर तुटावा म्हणून मुद्दाम बसवलेला कमजोर दुवा तुटला किंवा विंच बंद पडली, की चढण अर्ध्यावर थांबते. हे केव्हाही घडू शकते, म्हणून एकट्याने उडण्याआधी शिकाऊ वैमानिकाकडून त्याचा सराव करून घेतात.

विंचच्या चढणीत नाक सुमारे ४५ अंश वर असते. ओढ गेल्यावर ते तसेच राहिले, तर दर सेकंदाला वेग ताशी साधारण २५ किमीने घटतो. म्हणून काठी ताबडतोब पुढे ढकलून नाक खाली आणायचे, आणि मग थांबायचे. हे थांबणेच सर्वांत कठीण असते. क्षितिज नेहमीच्या जागी दिसू लागते, सावरलो असे वाटते. वेगमापकाचा काटा मात्र अजून मागेच असतो. त्या क्षणी वळण घेतले किंवा एअरब्रेक उघडले, तर पंखांची उचल सुटते, एक पंख झुकतो आणि ग्लायडर गिरक्या घेत कोसळते. एवढ्या कमी उंचीवर त्यातून बाहेर यायला जागा नसते. वेग परत आल्यावर पिवळी मूठ ओढून उरलेला दोर सोडायचा. समोर मैदान शिल्लक असेल तर सरळ उतरायचे, नसेल तर छोटा फेरा घेऊन.

जमिनीवर धावतानाच पंख टेकला, तर दोर लगेच सोडावा. नाहीतर ग्लायडर त्या पंखावर उलटते. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने २००५ पासून या धोक्यांवर शिकवणीची मोहीम राबवली आणि तिथले विंचचे गंभीर अपघात घटले.

विमानामागून उडताना ग्लायडर फार वर गेले, तर विमानाची शेपटी उचलली जाऊन त्याचे नाक जमिनीकडे वळते. यात विमानाच्या वैमानिकाचा जीव जाऊ शकतो, म्हणून विमान नजरेआड होताच ग्लायडरने दोर सोडायचा असतो. विमानाने पंख हलवले तर ‘ताबडतोब सुटा’. शेपटीचे सुकाणू हलवले तर ‘तुमचे एअरब्रेक पाहा’. या दोन खुणांत गल्लत करून, एअरब्रेक उघडे असतानाच दोर सोडल्याने ग्लायडर मैदानाबाहेर आदळल्याचे अपघात झाले आहेत.