मेर्जा झेर्गा : अखेरचा कर्ल्यू दिसला ते सरोवर

मेर्जा झेर्गा हे मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील खारे, उथळ सरोवर. १९८० मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला. परंतु अनेक देशांतील पक्षीनिरीक्षकांची पावले तिकडे वळली, ती 'स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू' या दुर्मीळ पाणपक्ष्यासाठी. सैबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या या पाहुण्याची ओळख पटविणे हीच खरी कसोटी असे. नेहमीच्या कर्ल्यूंच्या थव्यात तो सहज हरवून जाई. लहान बांधा, टोकाकडे निमुळती होत गेलेली चोच, फिकट शेपटी आणि कुशीवरील बदामी आकाराचे गडद ठिपके एवढ्याच खुणा. त्याही ओहोटीच्या चिखलापलीकडून, दुर्बिणीतून टिपायच्या! पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पक्ष्यांत तर हे ठिपकेही नसत.

फेब्रुवारी १९९५ मध्ये येथे झालेले त्याचे दर्शन ही अखेरची निर्विवाद नोंद ठरली. त्यानंतरचे दावे पुराव्याच्या कसोटीवर टिकले नाहीत. शिकार व अधिवासाचा नाश ही कारणे सांगितली जातात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओम्स्कजवळील तारा परिसरात सापडलेली घरटी वगळता त्याची वीण कोठे होते, हेच कळले नाही. मग संरक्षण करायचे तरी कोठे? ऑक्टोबर २०२५ मध्ये 'आययूसीएन'ने ही जात नामशेष झाल्याचे जाहीर केले.