शरदातील कोशिंबिरीची वंशावळ

भाद्रपद सरत आला, पाऊस ओसरला, की गोमंतकीय घरांतून पानाच्या डाव्या बाजूस ताज्या फळांची कोशिंबीर दिसू लागते. तिची कृती सोपी आहे. पपनस सोलून पाकळ्यांवरील कडवट पापुद्रा काढावा व गर मोकळा करावा. त्यात तवशाच्या आणि घट्ट पेरूच्या बारीक फोडी, ओले खोबरे, हिरवी मिरची, मीठ व चिमूटभर साखर घालून पाने वाढतानाच कालवावे. आधी कालवल्यास मिठाने पाणी सुटते.

या वाटीतील जिनसांची वंशावळ मात्र इतकी सोपी नाही. तवशे मूळचे हिमालयाच्या पायथ्याकडचे, म्हणजे आपल्याच देशातले. पपनस आग्नेय आशियातून आले. त्याचे मराठी नाव डचांच्या 'पोंपेलमूस' या शब्दाशी जुळते, तर गोव्यातील 'तोरिंग' हा शब्द पोर्तुगीज 'तोरांजा' आणि अरबी 'तुरुंज' यांच्या कुळातला आहे. पेरू आणि मिरची ही तर अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांची गलबते येण्यापूर्वी आमच्या पूर्वजांना ती ठाऊक नव्हती. म्हणूनच तिखटपणात मिऱ्याशी साम्य असलेल्या या नवागताला त्यांनी 'मिरची' म्हटले. ही फळे येथे किती लवकर रुजली, याला अननसाची साक्ष आहे. तोही अमेरिकेतलाच, 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने 1596 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे.

याच शतकात आमच्या दैवतांना घर सोडावे लागले, हे आम्ही विसरू शकत नाही. 1560 च्या सुमारास श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळास नेण्यात आले. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता. ज्या सत्तेच्या छळामुळे देव परागंदा झाले, तिच्याच गलबतांतून मिरची आणि पेरू आले. त्यामुळे देवळे मोडणाऱ्यांचा अपराध तिळभरही कमी होत नाही. पण त्या अपराधात पेरूला सहआरोपी करणेही न्यायाचे नव्हे.

आमच्या वाडवडिलांनी हा विवेक राखला होता. पितृपक्षात अनेक कर्मठ घरांतून श्राद्धाच्या स्वयंपाकाला मिरची चालत नाही, मिरेच लागतात. पितरांच्या पानावर पितरांना परिचित तेच वाढावे, असा जणू तो दंडक. त्यानंतर पंधरवडाही लोटत नाही तोच, नवरात्राच्या दिवसांत, त्याच घरांतील कोशिंबिरीत हिरवी मिरची निःशंकपणे पडते. श्राद्धाचे पान हे जुने दप्तर, तर कोशिंबिरीची वाटी ही नवी नोंदवही. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात जपली गेली.

आम्हा वकिलांच्या भाषेत सांगायचे तर पेरूचा आणि मिरचीचा हक्क मूळ मालकीचा नसून दीर्घ वहिवाटीचा आहे. असा हक्क कायदा मानतो, आणि समाजानेही तो कधीच मान्य केला आहे. अलीकडे काही उत्साही मंडळी पानावरील प्रत्येक पदार्थ अनादि ठरवू पाहतात, तर काही जण परके म्हणून काही फळे वगळू पाहतात. दोघांनाही आमची विनंती एवढीच, की निवाडा देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बायकांना श्राद्धाचे नियम विचारावेत. त्यांची साक्ष घेतल्यावाचून या दाव्याचा निकाल लागणे नाही.