दोन सूर्यांचा ग्रह

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. भूगोलाच्या तासाला एका मुलाने विचारलं, "बाई, दोन सूर्य असते तर पृथ्वी कुणाभोवती फिरली असती?" मला उत्तर येत नव्हतं. "धड्यात आहे तेवढंच विचार," असं म्हणून मी त्याला खाली बसवलं. वर्ग हसला. ते हसू मला अजून टोचतं.

उत्तर आकाशात होतं. वृश्चिक राशीत लालसर ज्येष्ठा दिसते ना, तिच्या शेजारीच लाखभर म्हाताऱ्या ताऱ्यांचा एक गुच्छ आहे. १७६४ साली फ्रान्सच्या मेसिएने आपल्या यादीत त्याला चौथा क्रमांक दिला, म्हणून तो एम-४. १९८८ मध्ये तिथे एक पल्सार सापडला, म्हणजे सेकंदाला सुमारे ९० गिरक्या घेणारा मेलेला तारा. जोडीला एक श्वेत बटू. दोघांची एकमेकांभोवती फेरी १९१ दिवसांची. पण पल्सारच्या ठोक्यांचा हिशेब जुळेना. तिथे तिसरं कुणीतरी असावं, असं १९९३ पर्यंत वाटू लागलं. २००३ मध्ये हबल दुर्बिणीने श्वेत बटू टिपला, आणि सिगुर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: तिसरा म्हणजे गुरूच्या सुमारे अडीचपट वस्तुमानाचा ग्रह, आणि तो फिरतो त्या दोघांभोवती!

तो तिथे आला कसा? शास्त्रज्ञांचा अंदाज असा. ग्रह जन्मला सूर्यासारख्या एका साध्या ताऱ्यापाशी. हा तारा ग्रहासकट गुच्छाच्या मध्यावरच्या दाटीत शिरला. तिथे एका न्यूट्रॉन ताऱ्याशी गाठ पडली. त्या झटापटीत न्यूट्रॉन ताऱ्याचा जुना जोडीदार बाहेर फेकला गेला आणि हे दोघे त्याच्या घरात आले. पुढे तारा म्हातारा होऊन फुगला, त्याचं द्रव्य ओढून घेत न्यूट्रॉन तारा वेगाने फिरू लागला. उरला तो श्वेत बटू.

अशा दाटीत ग्रहाची लांबची कक्षा सहज मोडते. पण ज्या धक्क्याने घर बदललं, त्यानेच हे कुटुंब मध्यापासून दूर, विरळ वस्तीत लोटलं. म्हणून ग्रह वाचला. वय सुमारे १३ अब्ज वर्षं. आपली पृथ्वी जेमतेम साडेचार अब्जांची.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. बाळा, कधी हे वाचलंस तर, उत्तर एवढंच होतं: दोघांभोवती. प्रश्न धड्याबाहेरचा होता, चुकीचा नव्हता.